शनिवार-रविवारचं पाणी

पाऊस यंदा घाईतल्या पाहुण्यासारखा आला, उंबऱ्यात उभ्याउभ्याच बोलला आणि निघून गेला. डोंगर हिरवे दिसत होते ते वरवर. खुरपं घातलं की खाली माती कोरडी ठणठणीत. ओढा रोज थोडाथोडा काठ सोडून आत सरकत होता, आणि ओढा आत सरकला की धबधबा बारीक होतो, हे कुणी सांगायला नको होतं.

धबधबा गावापासून हाकेच्या अंतरावर. पूर्वी त्याला कुणी धबधबा म्हणत नसे, कडा म्हणत. कड्यावर धुणं, कड्याखाली अंघोळ, डोहात म्हशी. मग कुणी तरी त्याचे फोटो काढले, शहरातून गाड्या यायला लागल्या आणि ठेका निघाला. डोहाभोवती जाळी आली, जाळीला फाटक, फाटकाशी तिकिटाची खिडकी. फाटकावर निळा शर्ट घालून उभं राहायला गावातलाच माणूस हवा होता. एका घरातल्या दोन भावांपैकी धाकटा उभा राहिला.

थोरला त्याच पाण्यावर मिरची करायचा. कड्याच्या माथ्यावर ओढ्यात त्यांच्या आजोबांनी दगडांचा बुटका बांध घातला होता. तिथून पाट निघायचा, डोंगराच्या कुशीनं लांब वळसा घेत खाली यायचा आणि डोहाच्या जरा वरच्या अंगाला एका चिंचोळ्या पट्टीत उतरायचा. तीच त्यांची जमीन. थोरल्याचे दिवस फावडं घेऊन वाफ्यांची दारं धरण्यात जायचे. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. त्यांची म्हातारी आई म्हणायची, "माझा एक मुलगा दारं धरतो, दुसरा दार धरतो. आणि मला मात्र कुणी दारात बसू देत नाही, ऊन लागेल म्हणतात."

एका संध्याकाळी ठेकेदाराचा मॅनेजर घरी आला. ठेकेदार स्वतः कधी कुणाला दिसला नव्हता, सगळा कारभार हाच बघायचा. डोक्यावर धबधब्याचं चित्र काढलेली टोपी, म्हणून गावानं त्याचं नाव टोपीवाला ठेवलं होतं. थोरला अंगणात फावडं धूत होता. धाकट्यानं घाईनं खुर्ची आणली.

"दादा, यंदा काय लावलंय?" टोपीवाल्यानं विचारलं.

"मिरची."

"वा. तिखट ना?"

थोरल्यानं फावडं उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूची माती काढायला लागला.

"गोष्ट अशी आहे," टोपीवाला म्हणाला, "लोक पैसे देऊन आत येतात. वर बघतात तर करंगळीएवढी धार. परवा एक बाई म्हणाली, आमच्या बाथरूमचा नळ याच्यापेक्षा जोरात येतो."

"मग तिकीट नळाला लावा की," म्हातारी आतून म्हणाली.

टोपीवाला मोकळेपणानं हसला. "आजी, नळ बघायला कोण येईल? तर दादा, शनिवार-रविवार पाट बंद ठेवायचा. पाच दिवस तुमचे, दोन दिवस आमचे. वरच्या अंगाच्या दोघांनी पंप बंद ठेवायचं कबूल केलंय. त्यांची मुलं पार्किंगला घेतली मी."

"पाणी ओढ्याचं आहे," थोरला म्हणाला.

"ओढ्याचंच आहे. आम्ही कुठे घरी नेतो? पडू देतो आणि सोडून देतो."

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा आपल्या शर्टाच्या बाहीवरचा डाग नखानं खरवडत होता. उत्तर आलं ते स्वयंपाकघराच्या दारातून, धाकट्याच्या वहिनीचं.

"दोन दिवस काढू आम्ही," ती म्हणाली.

ती का म्हणाली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती या घरात आली तेव्हा धाकटा शाळेत जात होता. त्याच्या डोक्याला तेल लावण्यापासून त्याला ताप आला की उशाशी बसण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आता त्याच्यासाठी मुलगीही तिनंच शोधली होती. मुलीच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता तो नोकरीचा. शेत किती, घर कसं, हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

शुक्रवारी उन्हं कलली की थोरला वर जायचा. पाटाच्या तोंडाशी आधी गवताची ढेकळं, मग दगड, मग चिखल. पाय रोवून, तळव्यानं थापून तो तोंड बंद करायचा. पाटातलं उरलेलं पाणी सावकाश खाली सरकत जायचं आणि मागे ओला तळ उघडा पडायचा. रविवारी माणसं गेली की पुन्हा वर जाऊन तेच सगळं उकरून काढायचं. चढ दमवणारा होता, पण थोरला त्याबद्दल काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "स्वतःचं नाक स्वतःच धरायचं, आणि वर विचारायचं, श्वास घेऊ का."

दोन दिवस काढू म्हणणं सोपं होतं. ऊन ऐन हिवाळ्याच्या तोंडावरही उन्हाळ्यासारखं तापत होतं आणि मिरची फुलावर आली होती. फुलावर आलेल्या झाडाला दोन दिवस म्हणजे दोन दिवस नसतात. पहिल्याच रविवारी वाफ्यात पांढरी फुलं पडलेली दिसली. वहिनीनं एक उचललं, बोटांत चुरलं आणि घरी जाऊन दोन डबे घेऊन आली.

पट्टीला जवळचं पाणी म्हणजे डोह, आणि डोह फाटकाच्या आत. ती डोक्यावर चुंबळ ठेवायची, चुंबळीवर एक डबा, दुसरा हातात. डोहाच्या पायऱ्यांवर शेवाळ असायचं. अंगठा रोवत, माणसांमधून वाट काढत ती वर यायची, फाटकातून बाहेर पडायची आणि पट्टीचा चढ चढायची. तिथे थोरला तांब्या घेऊन उभा. एकेका झाडाच्या बुंध्याशी एकेक तांब्या. पाणी कड्यावरून पडायचं, लोक ते पडताना बघायचे, आणि पडून झालं की वहिनी ते डोक्यावर घेऊन पुन्हा वर चढवायची.

लोकांना ते आवडायचं. मोबाइल वर व्हायचे.

"ताई, जरा इकडे बघा. हसा ना थोडं."

"हसलं की पाणी सांडतं," वहिनी म्हणायची आणि चालत राहायची.

पहिले काही आठवडे कुणी अडवलं नाही. मग गावातल्या आणखी दोघी-तिघी डबे घेऊन यायला लागल्या आणि टोपीवाल्यानं खुर्ची खिडकीपासून हलवून फाटकाशी घेतली. त्या शनिवारी वहिनी आली तेव्हा तो तिथेच बसला होता.

"तिकीट?" तो वहिनीला नाही, धाकट्याला म्हणाला.

"ही माझी वहिनी आहे."

"माहीत आहे मला. पण आज वहिनी, उद्या मावशी, परवा सगळं गाव. आत जाईल त्याला तिकीट. मग तिनं डोह उपसून नेला तरी माझं काही म्हणणं नाही. पाहिजे तर तू काढ तिचं."

धाकट्याचा हात खिशाकडे गेला. पण वहिनीनं ऐकलं होतं. तिनं डबे फाटकाला टेकवून ठेवले आणि खिडकीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे चड्ड्यांवरचे ओले तरुण, मागे छत्री घेतलेलं एक जोडपं. रांग पुढे सरकली तशी तीही सरकली. खिडकीत वाकून तिनं विचारलं, "एकदा काढलं की किती खेपा चालतं?"

आतल्या मुलानं टोपीवाल्याकडे पाहिलं.

"बाहेर पडलं की संपलं," टोपीवाला म्हणाला.

ती तिकीट घेऊन फाटकाशी आली. धाकट्यानं हात पुढे केला. दिवसभर तो जे करायचा तेच त्याच्या हातांनी केलं. तिकीट मधोमध फाडलं, अर्धं शेजारच्या खोक्यात टाकलं, अर्धं तिला परत दिलं. वहिनीनं ते अर्धं तिकीट नीट घडी करून चुंबळीच्या आत खोचलं, डबे उचलले आणि आत गेली.

दुसऱ्या खेपेला टोपीवाला पार्किंगकडे गेला होता. वहिनी येताना दिसली तसा धाकटा पाठमोरा झाला आणि फाटकाची कडी विनाकारण वरखाली करत राहिला. ती त्याच्या पाठीमागून आत गेली. पुढे तेच ठरून गेलं. ती आली की तो पाठ फिरवायचा. घरी आल्यावर ती त्याला रोजच्यासारखंच जेवायला वाढायची, आणखी घे म्हणायची, आणि तो ताटातून मान वर काढायचा नाही.

हळूहळू वहिनीची मान आखडली. आधी सकाळी दुखायची, मग दिवसभर. कुणी हाक मारली की ती सगळं अंग वळवून बघायची. थोरला विटेचा तुकडा चुलीत तापवून फडक्यात गुंडाळायचा आणि तिच्या मानेवर धरून बसायचा.

"पुरे आता," तो म्हणायचा. "जाऊ दे मिरची. जगेल तेवढी जगेल."

"एवढं लग्नाचं ठरू दे," ती म्हणायची. "मग बघू."

"घोडी मेली ओझ्यानं, आणि हिचं आपलं मग बघू," म्हातारी कोपऱ्यातून म्हणायची.

अशात सुट्ट्या लागून आल्या. गुरुवारपासून सोमवारपर्यंत. बुधवारी दुपारी टोपीवाल्यानं धाकट्याला बाजूला घेतलं. "भावाला सांग, आज संध्याकाळीच पाट बंद. सोमवारी रात्रीपर्यंत उघडायचा नाही. लोकांनी मोबाइलवर आधीच तिकिटं काढलीत."

धाकट्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा थोरला चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"पाच दिवस?"

"हो."

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार, दादा?"

थोरल्यानं कप पुन्हा उचलला, पण त्यात चहा उरला नव्हता. तो तसाच रिकामा कप धरून बसला. आणि त्याच दिवशी मुलीच्या वडिलांचाही निरोप आला होता. रविवारी येतो. मुलगा कामावर असतानाच बघतो, म्हणजे काम काय ते कळेल.

गुरुवारी, शुक्रवारी वहिनी खेपा घालत राहिली. गर्दी एवढी की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. शनिवारी दुपारी डोहाच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तिचा पाय गेला. डोक्यावरचा डबा आधी पडला आणि मग ती. गुडघा दगडावर आपटला, मान एकदम मागे गेली. फाटकावरून धाकट्याला फक्त डब्याचा आवाज आणि मग 'अरे अरे' ऐकू आलं. तो धावणार तोच टोपीवाला म्हणाला, "फाटक सोडून कुठे? आत लोक आहेत ना, उचलतील." लोकांनी उचललं. एका मुलीनं पाण्याची बाटली दिली, एकानं डबा आणून दिला, त्याला चीर गेली होती. वहिनी लंगडत फाटकाशी आली. तिचे कपडे छातीपर्यंत भिजले होते. ती धाकट्यासमोर थांबली नाही. थोरला तिला हाताला धरून घरी घेऊन गेला.

रविवारी सकाळी थोरला एकटाच पट्टीवर गेला. ऊन अजून वर आलं नव्हतं, तरी पानं खाली लोंबत होती. सकाळच्या गारव्यातही ज्या झाडाची पानं उचलत नाहीत ते झाड गेलं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. वाफ्यांच्या दोन ओळी तशाच होत्या. बाकीच्या अजून धरून होत्या. तो ओळींमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, ऊन डोक्यावर येईपर्यंत कडेला बसून राहिला, मग फावडं खांद्यावर टाकलं आणि कड्याच्या वाटेला लागला.

पाहुणा फाटकाशी आला तेव्हा गर्दी भरात होती. साधा माणूस, हातात कापडी पिशवी, नखांत काळं वंगण बसलेलं. धाकट्यानं त्याला ओळखलं आणि लगबगीनं फाटक उघडलं.

"थांब," पाहुणा म्हणाला. "तिकीट काढतो."

"अहो, कशाला? तुम्ही घरचेच."

"अजून कुठे घरचे झालो? ठरू दे आधी, मग फुकट येईन." तो हसला, रांगेत उभा राहिला आणि तिकीट घेऊन आला. धाकट्यानं फाडलं. पाहुणा आत गेला, चपला काढून हातात घेतल्या आणि पायरीवर उभा राहून वर बघू लागला.

धाकट्याची पाठ धबधब्याकडे होती. त्याला ते आधी कानांनी कळलं. दिवसभर मागे जी घरघर असायची ती एकदम हलकी झाली, जसं जात्यातले दाणे संपल्यावर जातं नुसतं फिरतं. तो वळला. पांढरा पट्टा दुभंगला होता. बघता बघता त्याच्या दोन धारा झाल्या, मग एक, मग तीही वाऱ्यानं हलायला लागली. खालची माणसं आधी गप्प झाली. मग कुणी तरी शिट्टी मारली. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"बंद केला काय?"

"नळ आहे का तो बंद करायला!"

"मग झालं काय?"

"पैसे परत द्या!"

लोंढा फाटकाकडे आला. धाकटा हात पसरून सांगत होता, येईल, पाणी येईल, जरा थांबा. ओल्या बनियनमधल्या एकानं त्याच्या शर्टाची गळपट्टी धरली आणि त्याला जाळीवर रेटलं. "पैसे घेताना बरे उभे असता. आता पाणी तू ओततोस का वरून?" एक गुंडी तुटून उडाली. टोपीवाला मध्ये पडला, त्या माणसाला चुचकारून बाजूला केलं, आणि मग धाकट्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "वर तुझा भाऊ आहे. तू जातोस, का मी दुसऱ्या कुणाला पाठवू? दुसरा गेला तर ते बोलून मिटायचं नाही."

धाकट्यानं गळपट्टी सारखी केली. पायरीवर पाहुणा चपला हातात घेऊन उभा होता आणि त्याच्याकडेच बघत होता.

तो माथ्यावर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. थोरला बांधावर बसला होता, पाय पाटात सोडून. ओढ्याचं पाणी दगडांना वळसा घालून त्याच्या पायांवरून पाटात शिरत होतं. फावडं बाजूला पडलं होतं.

"दादा."

"ये."

"बंद करावं लागेल."

"कर."

धाकटा उभाच राहिला.

"आजवर मी केलं," थोरला म्हणाला. "आज तू कर. नोकरी तुझी आहे." मग जरा वेळानं, वेगळ्या आवाजात, पाटाकडे बघत म्हणाला, "अजून पट्टीपर्यंत पोचलंसुद्धा नाही रे. पाट सुकलाय, तोच पितोय सगळं. आणखी थोडा वेळ गेला असता तर निदान खालच्या ओळी ओल्या झाल्या असत्या."

"पाहुणा आलाय, दादा. खाली आहे."

थोरल्यानं झटकन वर पाहिलं. "कधी आला?"

"मघाशी. त्याच्यासमोर माझी गचांडी धरली."

थोरल्याची नजर त्याच्या गळ्याशी गेली. जिथे गुंडी होती तिथे दोऱ्याचं टोक लोंबत होतं. थोरल्यानं एक पाय पाटाबाहेर काढला, मग दुसरा.

धाकटा गुडघ्यांवर बसला आणि हाताला येतील ते दगड पाटाच्या तोंडात टाकू लागला. पाणी फटींतून येतच राहिलं. त्यानं चिखल फासला, तो वाहून गेला. निळा शर्ट कोपरापर्यंत भरला. थोरला उभा राहून बघत होता. चुकीच्या हातानं चाललेलं काम त्याला कधी बघवायचं नाही. शेवटी तो खाली बसला, काठावरून गवताचं एक मोठं ढेकूळ उपटलं आणि धाकट्याच्या हातात दिलं.

"आधी हे. मुळं आतल्या बाजूला. दगड त्याच्यावर."

मग दोघांनी मिळून ते तोंड बंद केलं. एकजण लावायचा, दुसरा थापायचा. पाणी बांधाशी चढलं, क्षणभर घोटाळलं आणि कड्याकडे वळलं. काठावरच्या शेवटच्या खडकावरून ते खाली गेलं. आवाज भरत गेला.

आणि मग खालून दुसरा आवाज आला. आधी थोडा, विस्कळीत, मग सगळ्या डोहातून एकदम. आरोळ्या, शिट्ट्या.

"आता काय झालं?" थोरल्यानं विचारलं.

"टाळ्या वाजवतायत."

"कुणासाठी?"

"पाणी आलं म्हणून."

थोरल्यानं कान देऊन ऐकलं. टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या. तो हात धुवायला वाकला आणि वाकल्यावर तसाच राहिला, मनगटं पाण्यात बुडवून. धाकट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवायला पुढे केला आणि मागे घेतला.

दुपार टळल्यावर पाहुणा घरी आला. टोपीवाल्यानं धाकट्याला तासभर सोडलं होतं. वहिनी उठून बसली होती. तिनं चहा केला, आणि कप देताना पाहुण्याकडे मान न वळवता सगळी वळली. पाहुण्याच्या ते लक्षात आलं.

"पडलात की काय?"

"जरा पाय घसरला."

म्हातारी म्हणाली, "मुलगी पाणी भरणारी आहे ना? आत्ताच विचारून ठेवते. आमच्याकडे भरावं लागतं."

पाहुणा हसला. "तुमच्याकडे पाणी भरायचं? धबधबा दारात आहे तुमच्या."

पाहुण्यानं चहाचा घोट घेतला आणि थोरल्याकडे वळला. "पण मघाशी वर काय झालं होतं हो? पाणी एकदम तुटलं. लोक तर याच्या अंगावर आले. मला वाटलं, आता हा पळतो. पण हा पळाला तो वरच्या बाजूला."

धाकट्यानं चहाची बशी दोन्ही हातांनी धरली.

"ओढ्यात फांदी अडकली होती," थोरला म्हणाला. "मोठी होती. वरून वाहत आली आणि बांधाशी आडवी बसली. हा आला म्हणून निघाली. एकट्याच्यानं निघाली नसती."

पाहुण्यानं थोरल्याच्या हातांकडे पाहिलं, मग धाकट्याच्या शर्टाकडे. दोन्हीकडे एकाच मातीचा चिखल वाळला होता.

"म्हणजे दोघं गेला होतात."

"भाऊ आहे," थोरला म्हणाला. "चांगला आहे. कामाला धरून राहतो. शब्द मोडत नाही कुणाचा. तुमच्या मुलीला काही कमी पडू देणार नाही, ते मी सांगतो."

तो इतकं सलग कधी बोलत नसे. पाहुण्यानं कप खाली ठेवला, गुडघ्यांवर हात घासले आणि म्हणाला, "मग माझ्याकडून ठरलं." म्हातारीनं कानामागे हात नेऊन विचारलं, "काय ठरलं?" आणि ठरलं म्हणून तिला मोठ्यानं सांगावं लागलं. वहिनी उठून आत गेली. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

सोमवारी रात्रीपर्यंत पाट बंद राहिला. मंगळवारी थोरल्यानं पाणी सोडलं तेव्हा ते पिऊन घ्यायला फार थोडी झाडं उरली होती. त्यानं आणि वहिनीनं दोन दिवस बसून वाळलेली, जगलेली सगळीच उपटली आणि बांधावर ढीग घातला. धाकटा सुट्टीच्या दिवशी मदतीला गेला. वहिनी म्हणाली, "राहू द्या भाऊजी, हात काळे होतील." रागानं म्हणाली नाही. पण तो मागे सरला.

टोपीवाला पुन्हा आला तेव्हा त्याच्यासाठी खुर्ची कुणी आणली नाही. तो अंगणात उभा राहूनच बोलला. रविवारसारखा प्रकार परत नको होता. वर बांधावर आता माणूस बसवायचा होता. बाहेरचा बसवता आला असता, पण त्याच्या मनात थोरला होता. ओढा याच्याइतका कुणाला कळत नाही, असं तो म्हणाला. आणि पाऊस नाही म्हटल्यावर आता शनिवार-रविवार असं काही राहिलं नव्हतं, सातही दिवस पाणी इकडेच हवं होतं.

"माझ्या पाटावर मीच राखण बसू?" थोरला म्हणाला.

"राखण कशाला म्हणता? देखरेख म्हणा."

थोरल्यानं वहिनीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, एक हात मानेवर. शेत मोकळं पडलं होतं. लग्न तोंडावर आलं होतं.

"बाहेरचा बसला तर पुढच्या वर्षीही थेंब द्यायचा नाही तो," ती म्हणाली. "घरचं माणूस असेल तर निदान बोलता तरी येईल."

थोरल्यानं उपटलेल्या झाडांचा चिकट वास येणारे हात लुंगीला पुसले. "टोपी घालणार नाही मी," तो म्हणाला.

"नका घालू," टोपीवाला म्हणाला. "वर कोण बघतंय?"

आता दुपारी धाकटा फाटकावर दुसरा माणूस उभा करून जेवणाचा डबा वर नेतो. परवाही तो गेला. थोरला बांधाजवळच्या झाडाच्या सावलीत बसला होता. त्यानं डबा घेतला, झाकण काढलं, खाल्लं. खालून पोरांचं ओरडणं वर येत होतं.

"खालून कसा दिसतो रे आता?" थोरल्यानं विचारलं. "मी काही गेलो नाही तिकडे."

"बरा दिसतो."

"जाड?"

"तसा बारीकच आहे. डाव्या अंगाला फाटतो."

थोरल्यानं डबा बंद केला. तो उठला, कड्याच्या काठापर्यंत गेला आणि वाकून बघितलं. डाव्या अंगाला गाळ साचून पाणी पसरलं होतं. त्यानं फावडं घेतलं, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उतरला आणि गाळ ओढायला लागला. एकेक फावडं काठावर टाकत, पाण्याला वाट करून देत, जसा तो वाफ्यांत करायचा तसा.

"बघ जाऊन आता," तो मान वर न करता म्हणाला. "चांगला दिसेल."

धाकटा रिकामा डबा घेऊन खाली उतरला.